गाळून टाकलेला पूर

नांदेडात आमचं ऑफिस एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली युरियाच्या गोण्या, वर समुद्राचं संशोधन. जिन्याच्या तोंडाशी आमची पाटी होती, तिच्यावर 'किनारी सागर' असे शब्द होते, आणि त्या पाटीखाली दुकानदार रोज सकाळी फवारणीचे पंप मांडून ठेवायचा. त्यामुळे जिना चढून येणारी निम्मी माणसं पंपाचा भाव विचारायला आलेली असत आणि उरलेली निम्मी, इथं समुद्र कुठून आला हे विचारायला.

एक गृहस्थ बाटलीत विहिरीचं हिरवं पाणी घेऊन आले होते. "मॅडम, हे समुद्राचं शेवाळ हाय का बघा." मी बघितलं. साधं विहिरीचं शेवाळ होतं. तसं सांगितलं तर नाराज झाले. म्हणाले, "बरं, मग एवढं लिहून द्या की हे भावकीनं टाकलं म्हणून." असं लिहून देता येत नाही म्हटल्यावर जिना उतरताना मोठ्यानं बोलून गेले, "सरकारनं समुद्र नांदेडला आणला, पण कामाचा न्हाई."

कामाचा होता की नव्हता, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. मी सरळ सांगते.

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्यांना शैवाल म्हणू. शेताला जे लागतं तेच त्यांना लागतं: नत्र, स्फुरद आणि ऊन. बेताचं मिळालं तर बेतानं वाढतात, मासे त्यांच्यावर जगतात, कुणाची तक्रार नसते. एकदम फार मिळालं की बहर येतो. शब्द गोड आहे, प्रकार गोड नाही. पाणी हिरवं, तपकिरी, कधी तांबडं होतं. मग ते सगळं एकदम मरतं, तळाला जाऊन कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे गुदमरून वर येतात. काही जातींत विषही असतं. ते शिंपल्यांत उतरतं आणि शिंपल्यांतून माणसांत.

हे नत्र समुद्रात येतं कुठून? बरंचसं नदीतून. आणि नदीत? आमच्या खालच्या दुकानातून. अर्धापूरच्या केळीला टाकलेलं सगळं खत केळीला लागत नाही. लातूरच्या उसाला टाकलेलं सगळं उसाला लागत नाही. उरलेलं पावसाबरोबर ओढ्याला, ओढ्यातून गोदावरीला किंवा मांजरेला, आणि तिथून शेकडो मैल लांबच्या किनाऱ्याला. मी मूळची औशाची. ज्या जिल्ह्याला एकेकाळी रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, तिथली मुलगी समुद्रावर पोट भरते म्हणून माहेरी माझी पुष्कळ थट्टा झाली. भाऊ अजून विचारतो, "ताई, समुद्राला दिवाळीची सुट्टी असती का गं?"

माझं काम मॉडेलचं. मॉडेल म्हणजे संगणकात मांडलेला जमाखर्च. समुद्राचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात नत्र किती आलं, शैवालानं किती खाल्लं, शैवालाला कुणी खाल्लं, किती मेलं, तळाला किती बसलं, तळातून पुन्हा वर किती आलं, हे मांडत जायचं. त्यातून पुढच्या आठवड्याचा नकाशा निघतो. हिरवा रंग म्हणजे निर्धास्त जा, तांबडा म्हणजे बहराचा धोका. किनाऱ्यावरचे मच्छीमार तो नकाशा मोबाइलवर बघून होड्या काढायचे. पण मॉडेल स्वतःहून काही शिजवत नाही, त्याला भरवावं लागतं. नदीतून काय येतंय हे सांगायला नदीकाठी केंद्रं होती आणि नांदेडचं केंद्र माझ्याकडं होतं.

माझ्याकडं म्हणजे तिघांकडं. मी, जीप चालवणारे खाजाभाई, आणि वैशाली.

वैशाली हिमायतनगरची. वडील पोस्टमन होते. घरातली पहिली एम.एस्सी., तीही सूक्ष्मजीवशास्त्रात, पहिल्या वर्गात. आमच्याकडं ती अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होती. सकाळी आली की "जयभीम खाजाभाई" आणि खाजाभाईंचं "सलाम बेटा", एवढं झालं की दिवस सुरू. पुलावरून पाणी काढायचं, थंड डब्यात ठेवायचं, आणून त्यातलं नत्र-स्फुरद मोजायचं आणि आकडे किनाऱ्यावरच्या मुख्य संस्थेला पाठवायचे. मुख्य संस्थेत लवकरच एक कायम जागा निघणार होती. तिचं वय मर्यादेच्या जवळ आलं होतं, म्हणजे एखाददुसरी जाहिरात, त्यानंतर दार बंद. त्या जागेसाठी आमच्याकडचा अनुभवाचा दाखला लागणार होता. दाखला स्वच्छ असला की बाकी तिची तिला खात्री होती. मलाही होती. मी माणसांची खात्री सहसा देत नाही.

आता चाळणीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं.

केंद्रांकडून येणारे आकडे मॉडेलला थेट देत नसत. आधी ते एका तपासणीतून जात. तिला आम्ही चाळणी म्हणायचो. नियम सोपा: गेल्या काही वर्षांच्या सरासरीपासून जो आकडा फार लांब असेल, तो चूक समजून गाळायचा आणि त्याच्या जागी सरासरी भरायची. हे ऐकायला शहाणपणाचं आहे. बाटली खराब असते, यंत्र बिघडतं, माणूस शून्य जास्त टाकतो. चाळणी हवीच. मीही वर्षानुवर्षं ती वापरली.

पण नदी वर्षभर सारखी वाहत नाही. मराठवाड्यातली तर मुळीच नाही. नदीनं वर्षात जे काही समुद्राला द्यायचं, त्यातला मोठा वाटा पुराच्या चार-दोन दिवसांत जातो. आणि पुरातलं पाणी तर कधी कुणी मोजलेलंच नव्हतं. सरासरी होती ती शांत पाण्याची. म्हणजे खरा पूर आला तरी चाळणीच्या लेखी तो चूकच.

शिवाय चाळणीची सवय माणसांना लागते. नदीच्या प्रवाहात आमच्या खाली, राज्याच्या सीमेजवळच्या केंद्रावर बालाजीराव म्हणून एक अनुभवी गृहस्थ होते. वैशाली नवी असताना त्यांनी तिला फोनवर मोकळेपणानं शिकवलं होतं. फोन स्पीकरवर होता, मी समोर बसले होते.

"ताई, पुरात कोन जातंय मरायला? मागच्या महिन्याचा आकडा घ्यायचा, इकडं तिकडं जरासा हलवायचा अन् द्यायचा लावून. आजपस्तोर एक आकडा माघारी आला न्हाई माझा."

"पण सर, ते तर खोटं झालं ना?"

"खोटं कशाचं? वरच्यांना पटलं म्हंजे झालं."

मी त्याबद्दल वर लिहून कळवलं होतं. उत्तर आलं की सदर केंद्राची आकडेवारी सातत्यपूर्ण व समाधानकारक आहे.

त्या वर्षी पेरण्या झाल्या, खतं पडली, आणि मग पावसानं लांबलचक ओढ दिली. जमीन कोरडी, खत जमिनीत तसंच. असं झालं की पुढच्या मोठ्या पावसात सगळं एकदम धुऊन निघतं. मी वाटच बघत होते. पुराची तयारी म्हणून माझी यादी दाराच्या मागं चिकटवलेली होती: दोर, वजनाची बादली, लाइफ जॅकेट, बाटल्या, बर्फ, कोरडे कपडे, बिस्किटं. सप्टेंबरात वरून पाणी आलं, धरणाची दारं उघडली, शहराच्या सखल भागात पाणी शिरलं. आम्ही तिघं निघालो.

पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी कठडे लावले होते. शिपाई पुढं आला.

"कुठं निघाल्या मॅडम? पूल बंद हाय."

"पुलावरून पाणी काढायचंय. परवानगी आहे, हे बघा."

त्यानं कागद बघितला, मग बादलीकडं बघितलं, मग खाली नदीकडं. "अख्ख्या नांदेडात पाणी घुसून राहिलं अन् तुम्ही बादलीनं न्यायला आल्या?"

खाजाभाई म्हणाले, "साहेब, थोडं थोडं करून कमी करून राहिलो. नेऊ द्या."

शिपाई हसला आणि आम्हाला सोडलं. पुलाला हादरे बसत होते. पाणी गढूळ, चॉकलेटी, त्यात केळीची अख्खी झाडं वाहत होती. दोर खाजाभाईंनी आणि मी धरला होता, बादली वैशालीनं सोडली. तिनं तीन ठिकाणचं पाणी घेतलं, प्रत्येक बाटली नदीच्याच पाण्यानं आधी विसळून, सगळं नियमाप्रमाणं. अशा हादऱ्यांतही बाटलीवरचं तिचं अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं. पूर ओसरेपर्यंत आम्ही रोज गेलो.

नत्र मोजायची पद्धत अशी की पाण्यात औषध घातलं की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितकं नत्र जास्त, आणि गडदपणा यंत्र मोजतं. पुराच्या पाण्याचा रंग इतका गडद आला की यंत्राच्या मापात मावेना. अशा वेळी नमुना शुद्ध पाण्यानं पातळ करायचा, मोजायचा आणि आलेला आकडा तितक्या पटीनं वाढवायचा. वैशालीनं तसं केलं. मग नव्यानं औषधं तयार करून पुन्हा केलं. आकडा तोच. ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, लईच जास्त येऊन राहिलंय. पाठवू का?"

"तुला काय वाटतं?"

"खरं आहे ते. पण चाळणीत बसणार न्हाई."

"जे आहे ते पाठव," मी म्हणाले. "आणि प्रत्येक दिवसाची एक बंद बाटली मुख्य संस्थेला पाठव. त्यांनी स्वतः मोजावं."

चाळणीनं आकडे गाळले. ते अपेक्षितच होतं. नंतरचं अपेक्षित नव्हतं. मुख्य संस्थेतल्या आमच्या प्रमुखांनी व्हिडिओवर बैठक लावली आणि वैशालीला बसवलं.

"पातळ केल्यानंतर गुणाकारात चूक झालेली दिसते."

"सर, दोनदा केलंय. गुणाकार कागदावर पाठवलाय."

"म्हणजे एकच चूक दोनदा झाली."

मी मध्ये पडले. म्हटलं, मी स्वतः पुलावर होते, दोर माझ्या हातात होता. प्रमुख शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुलावर होतात. प्रयोगशाळेत नव्हतात. आणि तुमच्या खालच्या केंद्राचे त्याच दिवसांचे आकडे बघा, अगदी व्यवस्थित आहेत."

"त्या दिवसांत खालचा पूल पाण्याखाली होता, सर. तो पूलच दिसत नव्हता. त्यांनी पाणी काढलं कुठून?"

पडद्यावर खालच्या केंद्राचा तक्ता आला. मग प्रमुख म्हणाले, "भावनिक होऊ नका. त्यांचे आकडे बसतात."

मी बंद बाटल्यांची आठवण केली. त्या मोजा, लगेच कळेल. तेव्हा समजलं की बाटल्या टाकून दिल्या होत्या. गाळलेल्या आकड्यांचे नमुने साठवायचे नाहीत असा नियम होता, शीतपेटीत जागा कमी पडते म्हणून. खाजाभाई म्हणाले, "माझी साक्ष घ्या ना मॅडम, रस्सी धरून होतो मी." मी तेही लिहून कळवलं. वाहनचालक हे तांत्रिक कर्मचारी नसल्यानं त्यांच्या म्हणण्याची दखल घेता येत नाही, असं उत्तर आलं. खाजाभाईंना ते वाचून दाखवलं तर म्हणाले, "बरं झालं. नाही तर पूरच आला नव्हता असं लिहून दिलं असतं यांनी."

वैशालीचा करार पुढं वाढवला गेला नाही. दाखला मिळाला, त्यावर शेवटी एक ओळ होती: आकडेवारीची विश्वासार्हता शंकास्पद. त्या जागेची जाहिरात निघाली, तिनं अर्ज केला, आणि तिला मुलाखतीलाही बोलावलं नाही.

त्यानंतर समुद्रानं आपलं काम केलं. आमचा नकाशा हिरवागार होता. मॉडेलला आम्ही सरासरी भरवली होती, म्हणून त्याला समुद्र शांत दिसत होता. प्रत्यक्षात किनाऱ्यालगतचं पाणी तांबूस झालं, आणि मग मेलेले मासे काठाला लागले. मच्छीमार मुख्य संस्थेच्या फाटकाशी मोबाइल घेऊन उभे राहिले. त्यांच्या मोबाइलवर आमचा हिरवा नकाशा होता. मी तो फोटो पाहिला. इतकी वर्षं काम करून त्या फोटोइतकी लाज मला कशाची वाटली नाही.

उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा मुख्य संस्थेतल्या दोन हुशार मुलांनी मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. एक गोष्ट घातली की मॉडेलचा बहर समुद्रातल्या बहराशी जुळायचा: नांदेडचे गाळलेले आकडे. प्रमुखांचा फोन आला. आवाजात मध होता.

"मॅडम, नांदेडचा तो डेटा आहे ना आपल्याकडे? काढून टाकला नाही ना?"

"तुम्हीच गाळला होता, सर."

"गाळला म्हणजे बाजूला ठेवला होता."

आकडे परत आले. त्यांच्यावर शोधनिबंध झाला, परिषदांत भाषणं झाली, मोठ्या पुरांना समुद्राच्या मॉडेलमध्ये स्थान देण्याची नवी पद्धत म्हणून कौतुक झालं. निबंधाच्या शेवटी आभार होते: 'नांदेड येथील क्षेत्रीय कर्मचारी'. मी फोन केला. म्हटलं, आकडे खरे ठरले, आता त्या मुलीच्या दाखल्यावरचा शेरा काढा.

"तो विषय वेगळा आहे, मॅडम. हा डेटाचा विषय आहे, तो आस्थापनेचा."

वर्षभर मी पत्रं लिहिली. मी चिकाटीची बाई आहे, माझ्या यादीतलं काम खोडल्याशिवाय मला झोप लागत नाही. शेवटी आस्थापना विभागातून एका अधिकाऱ्यानं खासगीत मार्ग सांगितला. शेरा निष्कारण होता असं संस्था कधीच म्हणणार नाही, कारण मग लिहिला कुणी हे विचारावं लागेल. पण संबंधित उमेदवारानं स्वतः 'विश्लेषणात अनवधानानं चूक झाली, त्याबद्दल खेद आहे' अशी एक ओळ लिहून दिली, तर खेदाची नोंद घेऊन शेरा मागे घेता येईल. नवी जाहिरात येत होती. वयाच्या हिशेबानं वैशालीची ती शेवटची.

तो मजकूर टाइप करून मी लातूरला गेले. वैशाली तिथं एका क्लासच्या जोडीला चालणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होती, तासावर. लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांना प्रात्यक्षिकाशी देणंघेणं नसतं, पण जर्नल पूर्ण लागतं. बारावीची मुलं टेबलांशी उभी होती. आम्ही कोपऱ्यात बसलो.

तिनं कागद वाचला. "मॅडम, मी चुकले असं लिहून दिलं, तर त्यांच्या निबंधातला आकडा काढणार का?"

"नाही."

"म्हणजे आकडा खरा, अन् मी तेवढी खोटी."

खरं सांगायचं तर तिनं तो कागद फाडावा असं मला फार वाटत होतं. तो आणला मीच होता, आणि तरी.

इतक्यात एक मुलगी आली. "मॅडम, माझं रीडिंग वेगळंच येऊन राहिलंय. तीनदा केलं."

वैशाली उठली, तिच्या टेबलाशी गेली, वाकून काचेच्या नळीवरची रेघ डोळ्यांच्या रेषेत आणून बघितली. बाटलीतलं द्रावण हलवून बघितलं, तिचा गुणाकार तपासला.

"बरोबर आहे तुझं. बाकीच्यांनी द्रावण जुनं वापरलंय."

मुलगी हसली. "मग हेच लिहू?"

वैशालीनं बाटली जागेवर ठेवली. "नको. परीक्षक बाहेरून येणारेत. बाकीच्यांचं आलंय तेच लिही."

ती हात धुऊन परत आली, ओढणीला पुसले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पेन द्या."

मी दिलं. तिनं सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक. कागद माझ्याकडं सरकवून ती म्हणाली, "आता पुरात कोण जातं पुलावर?"

"तुझ्यानंतर पुरात मी कुणालाच पाठवलं नाही."

"आणि आकडे?"

"येतात."

"बसतात?"

"बसतात," मी म्हणाले.